पाइपची तंबाखू नागपुरात मुरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातले पाइप ओढणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. तंबाखू मुरवण्याबद्दल, म्हणजे ती बंद बरणीत वर्षानुवर्षं ठेवून चव बदलू देण्याबद्दल, वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या तळघरांना धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे ना तशी तळघरं, ना तशी हवा. म्हणून इथली उत्तरं नागपूरचा मे, कूलर आणि श्रावण डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. हे पान १८ वर्षांवरच्या आणि आधीपासूनच पाइप ओढणाऱ्यांसाठी आहे. ओढत नसाल तर सुरू करू नका. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१. डब्यावर व्हर्जिनिया, बर्ली, लटाकिया असं लिहिलेलं असतं. हे कंपन्यांचे ब्रँड आहेत का?

नाही, ही पानांची आणि ती वाळवण्याच्या पद्धतींची नावं आहेत. व्हर्जिनिया बंदिस्त बार्नमध्ये, म्हणजे वाळवणीच्या कोठीत, गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकून राहते. आपल्याकडे ती आंध्र आणि कर्नाटकात पिकते. टोबॅको बोर्डाचं मुख्यालय म्हणूनच गुंटूरला आहे. बर्ली सावलीत, नुसत्या वाऱ्यावर हळूहळू वाळते. तिच्यात साखर जवळजवळ उरत नाही, पण बाहेरून घातलेला स्वाद ती चांगला शोषते. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान-ग्रीस भागातली, उन्हात वाळवलेली लहान पानं. तशाच पानांना लाकडाचा आणि सुगंधी झुडपांचा धूर दिला की लटाकिया होते. नाव सीरियातल्या बंदरावरून पडलं असलं, तरी आज बाजारात दिसते ती मुख्यतः सायप्रसच्या पद्धतीची. पेरिक अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात होते: पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत दाबून वर्षभर किंवा जास्तच आंबवतात. कॅव्हेंडिश हे पान नव्हे, ती वाफ आणि दाब देण्याची प्रक्रिया आहे.

ब्लेंड म्हणजे यांतल्या दोन-चार किंवा जास्त पानांचं मिश्रण. लटाकिया, ओरिएंटल आणि व्हर्जिनिया एकत्र आली की त्याला इंग्लिश ब्लेंड म्हणतात. व्हर्जिनिया आणि पेरिकच्या जोडीला नुसतं ‘व्हापर’.

२. प्रत्येक तंबाखू ठेवल्यावर चांगली होते का?

मुळीच नाही, आणि पैसे वाया जातात ते याच गैरसमजापायी. मुरायला पानात साखर लागते, म्हणून व्हर्जिनिया जितकी जास्त तितका ठेवण्याचा फायदा जास्त. निव्वळ व्हर्जिनिया आणि व्हापर यांत सर्वांत मोठा बदल दिसतो. पेरिक तर जुन्या व्हर्जिनियाबरोबर आणखी खुलते.

इंग्लिश ब्लेंडचं गणित वेगळं. त्यातली व्हर्जिनिया गोड होत जाते आणि लटाकियाचा धूर त्याच वेळी मवाळ होत जातो. ज्यांना लटाकिया चुलीजवळ बसल्यासारखी करकरीत हवी असते त्यांनी असा डबा ताजाच संपवावा. धूर मागे सरकून सगळं एकजीव झालेलं आवडत असेल, तर पाच वर्षं थांबायला हरकत नाही. निव्वळ बर्ली फारशी बदलत नाही, पण बिघडतही नाही.

व्हॅनिला, चेरी, रम असे स्वाद फवारलेल्या अरोमॅटिक तंबाखूला मुरवू नका. तिची गंमत त्या वरच्या स्वादात असते आणि काळाबरोबर तोच आधी उडून जातो. त्यातून ती ओली राहावी म्हणून प्रोपिलीन ग्लायकोल घातलेलं असतं, ते मात्र जागचं हलत नाही. उरते ती ओलसर, बेचव तंबाखू. वर्षभरात संपवा.

३. बंद बरणीत नेमकं होतं तरी काय?

सुरुवातीला बरणीत अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन वापरून सूक्ष्मजीव काम करतात. तो संपला की त्याच्याविना होणाऱ्या संथ प्रक्रिया चालू राहतात. जोडीला पानातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात, रंग गडद होतो, अमोनियाचा उग्रपणा कमी होतो. पिवळीधमक व्हर्जिनिया आधी तांबूस आणि मग तपकिरी होत जाते. नव्या पानाला सुक्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा वास असतो. त्याच पानाला पुढे मनुका, अंजीर, काकवी असे वास येऊ लागतात.

एवढं कळलं की पुढचा नियम आपोआप कळतो: मुरायला ठेवलेली बरणी मधूनमधून उघडायची नाही. झाकण उघडलं की आतली हवा बदलते आणि चाललेलं काम मोडतं. उत्सुकता आवरत नसेल तर एकच मोठी बरणी भरण्याऐवजी ५० ग्रॅमच्या लहान बरण्या भरा आणि एक-एक काढा.

४. किती वर्षं ठेवायची?

सहा महिन्यांत मिश्रणातली पानं एकमेकांत मिसळतात. एक-दोन वर्षांत फरक जिभेला कळतो. पाच वर्षांच्या आसपासची व्हर्जिनिया नव्या डब्याशेजारी ठेवून ओढली, तर दोन्ही एकाच नावाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. दहा वर्षांनंतर बदल फार संथ होतो आणि काही ब्लेंड तिथून उताराला लागतात. दाबून केलेल्या वड्या आणि फ्लेक, म्हणजे अशा वडीचे पातळ काप, मोकळ्या कातरलेल्या तंबाखूपेक्षा चांगल्या मुरतात.

एकाच तंबाखूचे दोन डबे घ्यायचे, एक आता उघडायचा आणि दुसऱ्यावर तारीख टाकून ठेवायचा, ही सर्वांत चांगली सवय. तुलनेला काही हाताशी नसेल तर मुरलं म्हणजे काय झालं हे कळणार कसं?

५. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत ठेवली तर चालेल का भाऊ? आजीची मोठी बरणी आहे.

बरणी सुंदर असते, पण तिचं झाकण हवाबंद नसतं. लोणचं टिकतं ते मिठावर आणि तेलावर. तंबाखूला काचेची, रबरी रिंगचं झाकण असलेली किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी हवी. आधी गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण, म्हणजे खरोखर पूर्ण, वाळवा. मसाल्याची किंवा लोणच्याची जुनी बरणी घेऊ नका, रबराला बसलेला वास साबणाने जात नाही. तंबाखू ठासून भरू नका आणि अर्धी बरणी रिकामीही ठेवू नका.

प्लास्टिकच्या पिशव्यांतून हवा हळूहळू जाते-येते, त्यामुळे पाउचमधली तंबाखू दोन-तीन महिन्यांत काचेत काढा. न उघडलेला पत्र्याचा डबा तसाच ठेवला तरी मुरतो, पण आपल्या पावसाळ्यात पत्रा गंजतो. कडेला लाल ठिपके दिसले की आतला माल बरणीत हलवा. सिगार ठेवायची लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडोर, यासाठी नाही. पाइपच्या तंबाखूला तिच्या सीडर लाकडाचा वास लागतो.

६. आमच्या घरी मे महिन्यात भिंतीसुद्धा तापतात. बरण्या ठेवू कुठे?

नागपूरकरांचा खरा प्रश्न हाच. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ला तोच ३.५ पर्यंत उतरला. तंबाखूला साधारण १८ ते २५ अंश मानवतात. तेवढं वर्षभर आपल्या हातात नसतं, पण चढउतार कमी ठेवणं नक्की असतं, आणि निम्मं काम तिथेच होतं.

पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट ही घरातली सर्वांत वाईट जागा. दुपारी चारला त्या कपाटाच्या पाठीला हात लावून बघा, लगेच पटेल. गच्चीखालच्या खोलीतला माळाही नको. तळमजल्यावरची, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेली मधली खोली निवडा. तिथे जमिनीलगतचा कप्पा, आणि बरण्या लाकडी पेटीत किंवा जाड खोक्यात. जुन्या महाल-इतवारीच्या वाड्यांत जाड भिंतींच्या कोनाड्यांचं सुख आहे. फ्लॅटमध्ये दिवाणाच्या आतली जागा बरी पडते. ऊन लागू देऊ नका, प्रकाशानेही पान फिकं पडतं.

‘उष्णतेने लवकर मुरेल’ म्हणून मुद्दाम गरम जागी ठेवणारेही आहेत. कारखान्यात मोजून-मापून ताप देणं निराळं आणि बरणी महिनाभर चाळीस अंशांत शिजणं निराळं. अशी बरणी उघडली की बारकावे गेलेले असतात आणि नुसता सपाट, करपट गोडवा उरतो. उलट बाजूने, फ्रिजमध्ये ठेवल्यास नुकसान होतं असं नाही, पण मुरणं जवळजवळ थांबतं. बाहेर काढताच बरणी उघडली तर पानांवर पाणी सुटतं. फ्रीझरचा उपयोग एकाच कामी आहे, तो प्रश्न १० मध्ये.

७. घरात कूलर चालू असतो. त्याने तंबाखूला फरक पडतो का?

बंद बरणीला नाही, उघड्या तंबाखूला खूप. नागपूरच्या एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की पंख्याखाली पसरलेली तंबाखू थोड्याच वेळात कुरकुरीत होते. त्याच घरात, कूलर दिवसभर चालू असलेल्या खोलीत, तीच तंबाखू ओलावा ओढून चिकट होते. म्हणजे एका घरात दोन ऋतू नांदतात. बरणी भरायची ती कूलर बंद असलेल्या खोलीत, सकाळी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नवी बरणी भरूच नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला भरण्याचा हंगाम.

ओलावा बोटांनी ओळखता येतो. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली. सावकाश उलगडून मोकळी झाली तर ठीक. चुरा झाला तर कोरडी. ठेवताना वजनाच्या १२ ते १४ टक्के ओलावा बरा. ओढताना त्याहून थोडी कोरडीच चवीला उजवी लागते, म्हणून पाइप भरण्याआधी तंबाखू कागदावर पसरतात. मेमध्ये दहा-पंधरा मिनिटं पुरतात, श्रावणात तासभरही कमी पडतो.

८. तंबाखू मऊ राहावी म्हणून बरणीत संत्र्याची साल टाकतात ना?

संत्र्याच्या गावात हा सल्ला कुणीही देतो, आणि तो चुकीचा आहे. ताज्या सालीत पाणी असतं, साखर असते आणि वर बुरशीचे बीजाणू बसलेले असतात. बंद बरणीत त्यांना यापेक्षा चांगली सोय मिळणार नाही. सफरचंदाच्या किंवा बटाट्याच्या फोडीचंही तेच. सालीचं तेल पानात उतरतं आणि चार दिवसांनी प्रत्येक झुरक्याला तोच वास येतो. सुक्या तंबाखूला ओलं करायचं असेल तर प्रश्न ९ पाहा. संत्री खाऊन टाका.

९. कडक वाळलेली तंबाखू पुन्हा ओढण्याजोगी होते का?

होते, पण पूर्वीची होत नाही. उडून गेलेला सुगंध पाण्याने परत येत नाही. रुंद काचेच्या वाडग्यात तंबाखू पसरा. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती कपडा वाडग्याच्या तोंडावर ताणून बांधा, तंबाखूला टेकू देऊ नका. तासातासाने हलवून बोटांनी तपासा. नळाचं पाणी थेट शिंपडल्यास काही पानं चिंब होतात, काही कोरडीच राहतात आणि बुरशीला वाट मिळते.

१०. पानांवर पांढरं काहीतरी आलंय. आणि एका बरणीत बारीक भोकं दिसतायत. फेकू का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पांढरं आधी. बरणी खिडकीजवळ न्या आणि भिंग घ्या. मिठाच्या कणांसारखे चमकणारे, पानाला घट्ट चिकटलेले, हलवल्यावर लुकलुकणारे कण असतील तर ते जुन्या व्हर्जिनियातून वर आलेले स्फटिक. त्यांना वास नसतो आणि ती चांगली खूण मानतात. लोकरीसारखा तंतुमय, पानांमध्ये जाळं विणणारा, पांढरा-राखाडी किंवा हिरवट थर असेल आणि कोंदट वास येत असेल तर ती बुरशी. मग वरचा भाग काढून खालचं वाचवू नका, सगळी बरणी फेका. ती जाळून फुप्फुसांजवळ न्यायची गोष्ट नाही. वासाने गोंधळ होऊ शकतो तो एकाच ठिकाणी: लाल व्हर्जिनियाचा नवा डबा उघडला की कधीकधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कॅन्सस सिटीची मॅक्लेलँड कंपनी २०१८ मध्ये बंद झाली, तिच्या डब्यांची तर ती ओळखच होती. तो बिघाड नव्हे. दहा मिनिटं उघडं ठेवा.

भोकं म्हणजे तंबाखूचा भुंगा, बारीक तांबूस किडा. हाच किडा हळदीत, मिरचीत, धन्यातही होतो. म्हणून तंबाखू मसाल्याच्या डब्यांजवळ ठेवू नका. सावजी मसाल्याचा वास लागेल हे दुसरं कारण. अंडी उबतात ती उष्णतेत, आणि ती आपल्याकडे मुबलक. भोकं पडलेली तंबाखू टाकून द्या. शेजारच्या निर्दोष दिसणाऱ्या बरण्या हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग खोलीत. बरणीचा गारवा पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका.

११. सगळे मनुका, चामडं, कोको अशा चवी सांगतात. मला फक्त धूर लागतो. माझं काय चुकतंय?

बहुधा वेग. पाइप भरभर ओढला की धूर तापतो, जीभ भाजते आणि चव मरते. एक हलका झुरका, मग थांबा. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडातल्या धुराचा थोडा भाग नाकातून अलगद बाहेर सोडा; आपण ज्याला चव म्हणतो ती बरीचशी वासाचीच असते, आणि पहिला बारकावा बहुतेकांना तिथे सापडतो.

वेळ निवडा. तर्री पोहे किंवा सावजी रस्सा खाल्ल्यावर दोन तास तरी चाखायला बसू नका, तिखटाने बधिर झालेल्या जिभेला व्हर्जिनियाचा गोडवा कसा लागणार? साधं जेवण, थोडं पाणी, वारा नसलेली जागा. पाइपही महत्त्वाचा: लटाकिया ओढलेल्या ब्रायरच्या (नेहमीच्या लाकडी) पाइपला तिचा वास बसतो, पुढच्या खेपेस नाजूक व्हर्जिनिया भरली तरी मागून धूरच येतो. चाखण्यासाठी मक्याच्या कणसाचा साधा पाइप राखून ठेवा. नव्या-जुन्याची तुलना करताना पाइप तोच, वेळ तीच आणि ओलावाही सारखा ठेवा. ओली जुनी तंबाखू आणि कोरडी नवी तंबाखू यांच्या तुलनेतून काहीच कळत नाही.

नोंद स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत करा. परदेशी फळांची नावं उसनी आणू नका. ‘भाजके दाणे, नंतर गूळ, शेवटी किंचित मिरी’ एवढं लिहिलंत तरी पाच वर्षांनी ती वही सोन्याची ठरेल. पाइपच्या वाटीतल्या तंबाखूचा वरचा, मधला आणि खालचा भाग वेगवेगळा लागतो, म्हणून तीन वेळा थांबून लिहा.

१२. पाइप ओढल्यावर गरगरलं, मळमळलं. तंबाखू खराब होती का?

तंबाखू लागली. पाइपच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, छातीत धूर घेतला नाही तरी. उपाशीपोटी ओढणं आणि कडक ब्लेंड ही नेहमीची कारणं. पाइप ठेवून द्या, बसा, पाणी प्या, थोडं गोड खा. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड राहिली तर डॉक्टरकडे जा. मुरल्याने चव मवाळ होते, निकोटिन तेवढंच राहतं. जुनी तंबाखू ‘हलकी’ समजून जास्त ओढली जाते आणि मग लागते.

१३. मुरवलेली, बिनरसायनाची तंबाखू सिगारेटपेक्षा कमी घातक असते ना?

नाही. पाइपने ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कॅन्सर होतो. छातीत धूर न घेणाऱ्यांनाही तोंडाचा धोका राहतोच. मुरवल्याने विष कमी होत नाही. तंबाखूतली नायट्रोसमाइन नावाची कॅन्सरकारक संयुगं तर वाळवताना आणि साठवताना तयार होतात, आणि उष्णता व ओलावा त्यांना मदतच करतात. विदर्भात खर्ऱ्यापायी तोंड न उघडणारी तरुण पोरं आपण रोज पाहतो. त्यात पाइप हा सभ्य पर्याय म्हणून मांडणं मला मान्य नाही. घरात मुलं किंवा गरोदर बाई असेल तर घरात ओढू नका. सोडायचं मनात असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.

१४. खर्ऱ्याची किंवा बिडीची तंबाखू पाइपमध्ये भरून पाहू का?

नको. ती चघळायला किंवा पानात गुंडाळायला केलेली असते, फार कडक, आणि खर्ऱ्यात तर चुना आणि सुपारी आलीच. मुरवूनही ती पाइपची होत नाही. परिणाम प्रश्न १२ प्रमाणे.

१५. परदेशातून भाऊ किती आणू शकतो? आणि जास्तीची मुरलेली बरणी मी विकू शकतो का?

२०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे प्रवाशाला शुल्कमाफीत १२५ ग्रॅम तंबाखू आणता येत असे. मर्यादा सिगारेट, सिगार आणि तंबाखू यांपैकी एकासाठी होती, तिन्ही मिळून नव्हे. निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा.

विकू नका. २००३ च्या कोट्पा कायद्यानुसार तंबाखूच्या विक्रीच्या पाकिटावर आरोग्याचा इशारा लागतो, घरच्या बरणीवर तो नसतो. १८ वर्षांखालच्या कुणालाही विकणं हा गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. फुटाळा तलावाच्या काठावर पाइप पेटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१६. बाबांच्या कपाटात पाइप तंबाखूचा जुना, सीलबंद डबा सापडला. उघडू की ठेवू?

आधी डबा हातात घेऊन हलवा. आत वडी सुटून खुळखुळत असेल तर सील केव्हाच गेलं आहे आणि तंबाखू वाळली आहे. झाकण फुगलेलं असेल तर आत वायू जमलाय. ते दर वेळी वाईट नसतं, पण चेहऱ्यापासून लांब धरून उघडा. आतल्या बाजूला गंज उतरला असेल तर गंजाला लागलेली पानं सोडा. उरलेली प्रश्न १० प्रमाणे भिंगाखाली तपासा. डनहिलच्या नावाचा डबा असेल तर तो बराच जुना: त्यांची पाइप तंबाखू २०१८ च्या सुमारास थांबली आणि तीच ब्लेंड पुढे पीटरसनच्या नावाने येऊ लागली.

सगळं ठीक निघालं तर एकदा उघडलेला डबा पुन्हा झाकून ठेवू नका, लगेच लहान बरण्यांत वाटून घ्या. बाबांची आठवण म्हणून डबा न उघडता ठेवायचा असेल तर तसाच ठेवा. तो निर्णय चवीचा नाही आणि त्यात माझा सल्ला चालत नाही.

१७. मे महिन्यात पुण्याला बदली झाली आहे. बरण्या कशा नेऊ?

सामानाच्या ट्रकमधून नको, बंद ट्रक उन्हात भट्टीसारखा तापतो. रात्रीच्या गाडीने स्वतःबरोबर न्या. बरण्या कपड्यांत गुंडाळून, उभ्या, आणि झाकणांवर चिकटपट्टी. विमानाने जात असाल तर दाब बदलल्याने फिरकीची झाकणं सैल होतात, उतरल्यावर प्रत्येक झाकण पुन्हा आवळा. पुण्याची हवा या तंबाखूला नागपूरपेक्षा सोपी जाईल, फक्त जून ते सप्टेंबर घरात ओल जास्त असते. तेव्हा बरण्या जमिनीवरून उचलून मधल्या कप्प्यात ठेवा आणि प्रवासात एखादं झाकण उघडलं असेल तर ती बरणी आधी संपवा.